पुरानंतरची यादी कोणी लिहायची? (वस्तीतला अनुभव, थोडं भांडण आणि एक प्रश्न)

पुलापलीकडे

मंडळी, पावसाळा तोंडावर आलाय म्हणून हा धागा काढतेय. प्रश्न शेवटी आहे, पण आधीचं सांगितल्याशिवाय तो कळणार नाही, तेव्हा थोडं पाल्हाळ सहन करा.

२५ जुलै २०२४ ची पहाट पुण्यात कुणी विसरलं नसेल. खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत पार्किंगमधल्या गाड्या तरंगायला लागल्या. ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. नदीकाठच्या लहान वस्त्यांकडे कॅमेरे उशिरा वळले. त्यातल्या एका वस्तीशी माझा काही वर्षांचा संबंध आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ते सगळे आजही तिथेच राहतात आणि एकमेकांच्या दारावरूनच नळकोंडाळ्यावर जातात.

आमचा गट मदतीचा नव्हताच. एका वर्षी मिरवणुकीतल्या स्पीकरवरून दोन गल्ल्यांत बाचाबाची झाली, मोबाइलवर कुठल्या तरी तिसऱ्याच गावचा व्हिडिओ 'आपल्या इथला' म्हणून फिरला. तेव्हा वस्तीतल्या चार बायका, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक चाचा, तालमीतला एक पोरगा आणि बाहेरच्या आम्ही दोघी असे आठ जण जमलो. नाव ठेवलं शांतता गट. नियम एकच: काही कानावर आलं तर आधी एकमेकांना फोन, मगच बाकीचं. महिन्यातून एकदा समाजमंदिरात चहा. लोक 'आली चहाची कमिटी' म्हणून चिडवायचे आणि खरं सांगायचं तर बरेच महिने ते बरोबरच होतं.

पूर ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला टेम्पो आला. ऐंशी किट. वस्तीत उंबरे दोनशेच्या वर. टेम्पो जिथे वळू शकला तिथे, म्हणजे वरच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला आणि तिथूनच वाटप सुरू झालं. वरच्या गल्लीत पाणी घोट्याएवढं आलं होतं, खालच्या गल्लीत पत्र्याला टेकलं होतं. खालची माणसं अजून घमेल्याने चिखल उपसत होती. त्यांना कळेपर्यंत निम्मी किट संपलेली. दोन गल्ल्यांतले लोक वेगवेगळ्या धर्मांचे आहेत, हे वेगळं सांगायला नको. पाव तासात 'त्यांनाच दिलं, आपल्याला हाकललं' असा व्हिडिओ फिरायला लागला. हाकललं कुणीच नव्हतं. पण एक बाई रिकामी पिशवी घेऊन परत फिरताना त्यात दिसत होती, तेवढं पुरलं. टेम्पोची काच फुटली.

आमच्या गटातल्या एक मावशी कचरा वेचतात. त्या टेम्पोच्या फाळक्यावर चढल्या आणि ओरडल्या, "आता कुणालाच नाही! सगळं खाली समाजमंदिरात." चाचा आणि तालमीतली पोरं पिशव्या उचलून न्यायला लागली. ज्यांना आधी मिळालं होतं त्यांनाही मावशींनी नावं घेऊन हाका मारल्या. सगळ्यांनी किट परत आणली नाहीत, पण बऱ्याच जणींनी आणली. आणि मग आम्ही किट फोडली.

सतरंजीवर तूरडाळीचा एक ढीग, साखरेचा एक, तांदळाचा एक. तेलाच्या पिशव्या बाजूला, त्या फोडता येत नव्हत्या म्हणून फक्त तान्ह्या मुलांच्या आणि आजारी माणसांच्या घरांना. मापाला चाचांच्या घरातला स्टीलचा पेला. शाळेची दोनशेपानी वही काढून मी पहिल्या उंबऱ्यापासून नावं लिहायला लागले, तर मावशी म्हणाल्या, "घरं नका मोजू ताई, चुली मोजा." एका पत्र्याखाली दोन भाऊ, दोन चुली. मागच्या खोलीत भाडेकरू, तिसरी चूल. पंचनाम्यात यांची नावंच नव्हती, कारण कागद झोपडीमालकाच्या नावावर. चुली मोजल्या तर आकडा एकदम वाढला. प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं, आणि खालच्या गल्लीतली बाई वरच्या गल्लीतल्या बाईला म्हणाली, "तुझ्या सासूचं राहिलं की." त्या एका वाक्यावर माझ्या मते काच फुटल्याचा सगळा ताण उतरला. दर चुलीला तीन पेले डाळ-तांदूळ आणि अर्धा पेला साखर आली. पोटाला दोन दिवसांचंच.

किट देणाऱ्यांचा मात्र संध्याकाळी फोन. पिशवीवर त्यांच्या साहेबांचा फोटो होता आणि आमच्या फोटोत पिशव्या दिसत नव्हत्या.

तर प्रश्न. या वर्षी पाऊस यायच्या आधीच चुलींची यादी करून ठेवायची, असं गटात ठरतंय. ती कोणी लिहायची, कुठे ठेवायची, त्यात काय असावं आणि काय नसावं? एका मदत करणाऱ्या गटाने आधार कार्डाच्या झेरॉक्सा आणि जात-धर्माचा रकाना मागितलाय. माझं मन घेत नाही. पण नाही म्हटलं तर मदत दुसरीकडे जाईल, ही भीतीही आहे.

सदाशिव_हापूस

वाचनखूण साठवली. 'चुली मोजा' हे शीर्षक द्यायला हवं होतं.

चिंचबन

ताई, तुमचं वाचून फार मागे गेलो. १२ जुलै १९६१ ला मी नऊ वर्षांचा होतो. आम्ही ओंकारेश्वराच्या अंगाला एका वाड्यात बिऱ्हाडकरू. पानशेत फुटलं, मागोमाग खडकवासला फुटलं आणि दुपारपर्यंत वाड्याचा दुसरा मजलाही पाण्यात. वडिलांनी मला खांद्यावर घेतलेलं आठवतं, आणि आजीने देव्हारा सोडून आधी रॉकेलचा स्टो उचललेला आठवतो. त्यावरून तिला पुढे आयुष्यभर ऐकावं लागलं, पण दोन दिवस सगळ्या आळीचा चहा त्याच स्टोवर झाला.

गंमत म्हणजे पूर गेला आणि पाण्याचीच टंचाई. धरणच फुटलं, तर नळाला पाणी कुठून येणार? वाड्यावाड्यांतले बुजवत आणलेले आड लोकांनी पुन्हा उपसले. आमच्या शेजारच्या आडावर कोण पाणी भरणार यावर पहिल्या दिवशी कुजबुज झाली, दुसऱ्या दिवशी कुणाला तेवढं त्राण उरलं नाही.

तुमच्या यादीचा मुद्दा तेव्हाही हाच होता. नुकसानीच्या यादीत वाड्याच्या मालकांचं नाव सगळ्यात आधी. वडिलांना 'तुम्ही इथे राहत होतात याचा पुरावा काय' असं विचारलं गेलं. पुरावा वाहून गेला होता. वाण्याच्या उधारीच्या वहीत आमचं नाव होतं, पण वाण्याचं दुकानही वाहून गेलं होतं. शेवटी मालकांनीच, ज्यांच्याशी वडिलांचा भाड्यावरून दावा चालू होता, लिहून दिलं की हे माझे बिऱ्हाडकरू. पुढे आम्ही गोखलेनगरला गेलो. त्या मालकांचं श्राद्ध वडील करायचे नाहीत एवढंच, बाकी नाव आदराने घ्यायचे.

कृष्णामाई

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. ऑगस्ट २०१९, सांगली. आम्ही मदत घेणारे होतो. पुण्याहून आलेली माणसं रात्रभर गाडी चालवून आली, त्यांचे उपकार आहेत, हे आधी सांगते.

आता तक्रार. कपडे! शाळेच्या पटांगणात कपड्यांचा ढीग कमरेएवढा. त्यात लग्नातली शेरवानी, एकाच पायाचे बूट, लहान मुलांचे थंडीचे कोट. आमच्या घरी सोळा साड्या आल्या आणि परकर एकही नाही. परकराशिवाय साडी नेसून दाखवा कुणीतरी. आतले कपडे तर कुणी देतच नाही, आणि मागायला तोंड उघडत नाही. पाऊस सुरूच होता, तो ढीग भिजला, वास मारायला लागला आणि शेवटी तो उचलायलाच माणसं लावावी लागली.

काय हवं होतं सांगू? खराटे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, घमेली. सॅनिटरी पॅड, पण कागदात गुंडाळून बायकांनी बायकांना दिलेले. टॉर्च. गुरांना वैरण, कारण म्हैस उपाशी हंबरत असताना माणसाच्या घशाखाली घास उतरत नाही. आणि झेरॉक्सला सुटे पैसे! भरपाईच्या अर्जाला प्रत्येक कागदाच्या तीन प्रती आणि आमच्या हातात पाचशेची नोट पण नाही.

पुलापलीकडे ताई, यादीत 'काय हवं' हा रकाना घाला. बाकी काही नसलं तरी चालेल.

तर्ककठोर

सगळे भारावून गेलेत म्हणून नाइलाजाने विरोधी सूर लावतो.

एक, ज्याने किट दिलं त्याने अमुक कुटुंबाला महिनाभर पुरेल या हिशेबाने दिलं. तुम्ही ते फोडून दोन दिवसांचं केलंत. हा दात्याचा विश्वासघात नाही का? दुसरं, पुराने घर बुडालेल्याला आणि घोट्याएवढं पाणी आलेल्याला सारखे तीन पेले? ही समानता झाली, न्याय नाही झाला. तिसरं, भरपाई, पंचनामे, तात्पुरता निवारा हे सरकारचं काम. आपण डाळ मोजत बसतो आणि ज्यांनी निळ्या पूररेषेत, म्हणजे नदीच्या पुराच्या पट्ट्यात, बांधकामं होऊ दिली ते निवांत. आणि शांतता गट वगैरे... गुडलक चौकात मेणबत्त्या लावून जगातलं कुठलं युद्ध थांबलंय?

पुलापलीकडे

तर्ककठोर, दुसऱ्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे आणि ते मला तेव्हाच टोचत होतं. पण त्या दुपारी न्याय करायला बसलो असतो तर आणखी काचा फुटल्या असत्या. पुढच्या आठवड्यात सतरंज्या आणि भांडी आली ती फक्त खालच्या गल्लीला दिली. तेव्हा वरच्यांनीच ती डोक्यावरून खाली पोचवली. आधी सगळ्यांना थोडं, मग गरजेप्रमाणे, हा क्रम ठरवून केलेला नव्हता, पण लागू पडला.

विश्वासघाताबद्दल: ऐंशी किट दोनशे दारांत पाठवताना कुणाला द्यायचं हे दात्यानेही ठरवलं नव्हतं. टेम्पोच्या चालकाने ठरवलं, गाडी वळते कुठे यावरून.

मेणबत्त्यांबद्दल वाद घालत नाही. मी स्वतः दोनदा उभी राहिलेय तिथे. घरी येताना पाय दुखतात, आणि एवढंच हातात राहतं असं वाटतं खरं.

जुनी_पानं

चर्चा वाचून राहवलं नाही. आपल्या पुण्याला हा विषय नवा नाही.

सावित्रीबाईंनी २० एप्रिल १८७७ ला ओतूरहून जोतीरावांना लिहिलेलं पत्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर मिळवून वाचा. दुष्काळ ऐन भरात, गुरं तडफडतायत, माणसं गाव सोडून चाललीयत आणि सावकारांच्या पिळवणुकीतून दंगा उसळलेला. पोलिसांनी पन्नास सत्यशोधकांना धरलं. सावित्रीबाई थेट कलेक्टरशी बोलल्या. माणसं सुटली, आणि वर ज्वारीच्या चार गाड्या आल्या. म्हणजे दंगा शमवणं आणि धान्य आणणं ही दोन वेगळी कामं आहेत असं त्यांना वाटलेलं दिसत नाही. इकडे धनकवडीला त्याच दुष्काळात सत्यशोधक समाजाने मुलांसाठी अन्नछत्र चालवलं होतं.

वीस वर्षांनी प्लेग. त्यांचा दत्तक मुलगा डॉ. यशवंतराव, त्यांचा दवाखाना हडपसरजवळ ससाणे मळ्यात. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घालून तिथे आणलं आणि त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. पुण्यात त्याच सुमारास सरकारी तपासणी सोजीरांच्या बुटांनी सुरू झाली, घरातलं सामान रस्त्यावर. एकाच शहरात, एकाच साथीत, मदतीच्या दोन तऱ्हा.

अवांतर: आगाखान पॅलेस आपण कस्तुरबांच्या आणि महादेवभाईंच्या समाधीसाठी पाहायला जातो. पण तो १८९२ साली बांधायला काढला तोच दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून. फुकट शिधा न देता मजुरी दिली. त्या भिंती ज्यांनी उचलल्या त्यांची यादी कुठे असेल का, असा विचार तुमच्या वहीमुळे पहिल्यांदाच डोक्यात आला.

तर्ककठोर

जुनी_पानं, माहिती उत्तम. पण सावित्रीबाईंनी कलेक्टरला जाब विचारला, स्वतः डाळ मोजली नाही. माझा मुद्दा तोच आहे.

जुनी_पानं

धनकवडीला कुणीतरी मोजलीच असणार की हो!

खाडीपलीकडचा

मी मूळचा भिवंडीचा, आता वीस वर्षं हडपसरला. शांतता गटावर जे हसतायत त्यांच्यासाठी. भिवंडीत १९७० ला आणि १९८४ ला झालेल्या दंगली आमच्या घरात अजून कुजबुजत सांगतात. नंतर सुरेश खोपडे नावाचे पोलीस उपायुक्त आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. त्यात पुढारी नाहीत. यंत्रमागवाले, दुकानदार, रिक्षावाले, दोन्ही धर्मांचे. विषय बहुतेक वेळा गटार, पाणी, नवरा-बायकोची भांडणं. माझे मामा एका कमिटीत होते, ते वैतागून म्हणायचे की दंगल थांबवायला बोलावलं आणि गटाराचं झाकण मोजायला लावलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती, भिवंडीत दंगल झाली नाही.

त्या गटाराच्या झाकणावरून ओळखी झाल्या होत्या. अफवा आली की मामा ज्याच्याबद्दल अफवा आहे त्यालाच फोन करायचे, कारण त्याचा नंबर होता. तुमची चहाची कमिटी त्याच जातीची दिसते. बंद करू नका.

दवाखाना_सायंकाळी

थोडं कोरडं पण उपयोगी. आपत्तीत किमान किती द्यावं याचे स्फिअर नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. माणशी रोज १५ लिटर पाणी, २१०० कॅलरी, डोक्यावर छप्पर असलेली साडेतीन चौरस मीटर जागा, वीस माणसांमागे एक संडास. मी हे आकडे एका शाळेतल्या निवाऱ्याला लावून पाहिले होते. धान्य भरपूर होतं, पाणी बरं होतं आणि शेकडो माणसांना मुलांच्या उंचीचे चार संडास. बायका अंधार पडेपर्यंत पाणीच प्यायच्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लघवीच्या जळजळीचे पेशंट सुरू. किटमध्ये याचं औषध नसतं.

पुराच्या पाण्यातून अनवाणी चालू नका, पायाला जखम असेल तर मुळीच नाही. उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) हा ताप होतो. ताप आणि पोटऱ्या दुखणं असेल तर दुकानातून गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. यादीत धर्माऐवजी हे लिहा: गरोदर कोण, डायलिसिसवर कोण, इन्सुलिन कोणाला, बीपीची गोळी कोणाची वाहून गेली. आणि सगळ्यात आधी, रात्री दोन वाजता कोणाला उचलून बाहेर काढावं लागेल.

हिशेबनीस

धर्मादाय कार्यालयाच्या फेऱ्या मारून केस पांढरे झालेला माणूस आहे, तेव्हा ऐका.

धान्य, भांडी घेताय ते ठीक. पैसे घ्यायला लागलात की तालमीतल्या पोराच्या मोबाइलवर क्यूआर कोड लावू नका. बिचारा प्रामाणिक असेल, पण सहा महिन्यांनी कुणीतरी हिशेब विचारेल आणि त्याच्याकडे घरच्या वीजबिलात मिसळलेले आकडे असतील. गणपती मंडळं वर्गणीसाठी दरवर्षी धर्मादाय आयुक्तांची परवानगी काढतात, तशी काढा, नाहीतर एखाद्या नोंदणी असलेल्या संस्थेच्या पावतीपुस्तकावर घ्या. देणगीवर आयकराची सवलत (८०जी) हवी म्हणणाऱ्यांना सरळ त्या संस्थेकडे पाठवा.

परदेशातून कुणी पाठवतो म्हणालं तर हात जोडा. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते पैसे फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घेता येतात. न्यू जर्सीचा मामा अजून भारतीय पासपोर्टवर असेल तर गोष्ट वेगळी, पण बहुतेक मामांनी तो कधीच परत केलेला असतो.

आधारची झेरॉक्स: नका देऊ. द्यावीच लागली तर पहिले आठ आकडे खोडून, आणि वर 'फक्त शिधावाटपासाठी' असं लिहून तारीख घाला. दोनशे आधार कार्डांच्या झेरॉक्सा एका पिशवीत घालून फिरणं म्हणजे दोनशे घरांच्या किल्ल्या फिरवणं.

किटली

फोटोबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. मार्च २०२० ला टाळेबंदी लागली तेव्हा आम्ही पाच-सहा मित्र येरवड्याच्या बाजूला शिधा वाटत होतो. बांधकामावरचे मजूर. रेशन कार्ड गावाला, माणूस इथे. सुरुवातीला आम्हीही फोटो काढायचो, देणाऱ्यांना पाठवायला लागायचे. एका बाईने पिशवी घेताना पदर पूर्ण तोंडावरून ओढला. मला वाटलं करोनासाठी. माझ्या मित्राने तिला 'मावशी, जरा पदर बाजूला' असं म्हटलं. तिने पिशवी खाली ठेवली आणि निघून गेली. मागे पळत जाऊन दिली तरी घेतली नाही. तिची मुलं उभी होती, त्यांनीही घेतली नाही.

त्यानंतर आम्ही फक्त रिकाम्या टेम्पोचे फोटो पाठवायला लागलो. भरलेला आणि रिकामा. दोन देणगीदार गेले, बाकीचे राहिले.

आणि एक, कोरडा शिधा देताना गॅस आहे का ते विचारा. आमच्या पहिल्या पन्नास पिशव्यांतले तांदूळ लोकांनी विकले. आम्ही चिडलो. मग कळलं, सिलिंडरच संपला होता.

तर्ककठोर

किटली, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहिलं नाही.

धर्माच्या रकान्याबद्दल माझं मत बहुतेकांना पटणार नाही. मी म्हणतो, लिहा. लिहिलं नाही तर उद्या 'अमक्यांनाच मिळालं' या आरोपाला उत्तर काय देणार? आकडे हवेत.

खाडीपलीकडचा

आणि तोच कागद चुकीच्या माणसाच्या हातात पडला तर? तर्कराव, कोणत्या घरात कोण राहतं याच्या याद्या दंगलीत कशाला वापरतात हे माझ्या मामांना विचारा. आरोपाला उत्तर म्हणून ताईंनी काय केलं ते वर लिहिलंय. नावं मोठ्याने वाचली, सगळ्यांसमोर.

दवाखाना_सायंकाळी

रेडक्रॉसची सुरुवात आठवा. १८५९, सोल्फेरिनोची लढाई. जिनिव्हाहून आलेला आंरी द्युनां नावाचा व्यापारी मैदानावरचे जखमी पाहतो आणि शेजारच्या गावातल्या बायका कोणत्या सैन्याचा हे न विचारता पाणी पाजायला लागतात. 'तुत्ती फ्रातेल्ली', सगळे भाऊच, असं त्या म्हणत. त्यातून पुढे सगळं उभं राहिलं. गणवेश पाहून पाणी द्यायचं नाही हे तिथे रणांगणावर जमलं, आपल्याला वहीत जमायला हरकत नाही. अर्थात तेही कायम पाळलं जात नाही. १ एप्रिल २०२४ ला गाझात अन्न पोचवून परतणाऱ्या वर्ल्ड सेंट्रल किचन या मदत संस्थेच्या सात जणांना हवाई हल्ल्यात मारलं, गाडीच्या टपावर चिन्ह असूनही.

तर्ककठोर

माझं मत तरीही कायम आहे. पण वही ताईंची.

पुलापलीकडे

सगळ्यांचे आभार. दहा दिवस काही लिहिता आलं नाही, कारण यादी चालू होती. काय झालं ते सांगते.

धर्म-जातीचा रकाना नाही. मी ठरवलं नाही, रविवारी समाजमंदिरात विचारलं. चाचा म्हणाले, "नाव वाचलं की कळतंच की, परत कशाला लिहायचं?" सगळे हसले, रकाना गेला. आधारच्या झेरॉक्सा मागणाऱ्या गटाला नाही कळवलं. अजून उत्तर नाही. बहुधा मदत दुसरीकडे जाईल.

रकाने असे: चूल कोणाची, माणसं किती, उचलून न्यावं लागेल असं कोण, रोजची गोळी कोणती, काय हवं. शेवटच्या रकान्यात वाटलं होतं धान्य येईल. कृष्णामाई, तुमचं खरं ठरलं. सगळ्यात जास्त वेळा आलं ते 'कागद ठेवायला जागा'. त्याखालोखाल रात्री भोंगा वाजवणारं कुणीतरी. मागच्या वेळी पाणी सुटल्याचं खालच्या गल्लीला वरच्या गल्लीतल्या एका पोराने दारं बडवून सांगितलं होतं, तो नाइट शिफ्टहून येत होता म्हणून. चाचा म्हणतायत क्लॅरिनेट नको, बँडमधला बिगुलवाला आहे, त्याची खोली उंचावर आहे.

यादी लिहिली मावशींच्या मुलीने, दहावीत आहे, अक्षर माझ्याहून चांगलं. वाचून दाखवताना एका नावावर अडलं. वरच्या गल्लीच्या टोकाला एक बाई चार महिन्यांपूर्वी राहायला आलीय, कोणाशी बोलत नाही, कुठली आहे कुणाला धड माहीत नाही. 'ती आपल्यातली नाही, उद्या जाईल' असं दोघं-तिघं म्हणाले. ती मागे दाराशीच उभी होती हे त्यांना दिसलं नाही. मावशींनी मुलीला विचारलं, "चूल आहे का तिची?" मुलगी म्हणाली, स्टोव्ह आहे. "मग लिही." बाईने नाव सांगितलं ते नीट ऐकू आलं नाही, पुन्हा विचारावं लागलं. 'काय हवं' विचारल्यावर ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, बादली.

वहीच्या दोन प्रती केल्या. एक मावशींकडे, एक माझ्याकडे पुलापलीकडे, म्हणजे पाणी कुठूनही आलं तरी एक कोरडी राहील. कागदांसाठी समाजमंदिराच्या माळ्यावर पत्र्याची मोठी कोठी ठेवायची आहे. हिशेबनीस, तुमचा आधारबद्दलचा इशारा लक्षात ठेवून ज्याने त्याने आपली कागदं स्वतः प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, गाठीवर नाव लिहून ठेवायची, आम्ही उघडून पाहायचं नाही.

कोठी जुन्या बाजारात मिळाली. झाकण नीट बसत नाही, एका बाजूने बोटभर फट राहते. कुणाच्या ओळखीचा पत्र्याचं काम करणारा असेल, शक्यतो स्वारगेटच्या आसपासचा, तर व्यक्तिगत निरोपात कळवा.

सदाशिव_हापूस

रविवार पेठेत बोहरी आळीच्या मागे एक आहे, आमचा कूलर त्यानेच जोडला होता. निरोप करतो. फटीला सायकलच्या ट्यूबची पट्टी लावायला सांगा, पाणी जाणार नाही.